लीक: काढणीपासून वाळवणापर्यंत, दांडा वेगळा आणि पात वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाफ्यात लीक चांगलं आलं आहे. ते पौष्टिक असतं असं ऐकलं आहे, पण काढायचं नेमकं कधी, हिरवी पात खायची की टाकायची, आणि जास्तीचं वाळवून कसं ठेवायचं हे कळत नाही. मागच्या खेपेला तीन बरण्या भरल्या होत्या. एकीला बुरशी आली. दुसरीतलं लीक तपकिरी पडून कडवट झालं. तिसरी बरी दिसते, पण आता तिच्यात गोळे धरू लागलेत आणि खाताना दाताखाली रेव येते.

मी भाजीपाला लावते आणि हंगामात जे वरकड होतं ते वाळवते. लीक हे त्यातलं माझं सर्वांत आवडतं पीक, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मुख्य गोष्ट मात्र आधीच सांगते. लीक म्हणजे एका बुंध्यावरच्या दोन भाज्या आहेत. पांढऱ्या दांड्याची आणि हिरव्या पातीची बांधणी वेगळी, पोषण वेगळं आणि वाळण्याचा वेगही वेगळा. तुमच्या पहिल्या दोन्ही बरण्या बिघडण्याचं कारण बहुधा हेच आहे: दोन्ही भाग एकत्र चिरून एकाच ताटात वाळवले की पात करपायला लागते तेव्हा दांड्याच्या चकत्या आतून ओल्याच असतात. पातीकडे बघून आवरतं घेतलं तर बुरशी, चकत्यांकडे बघून वेळ वाढवला तर कडवटपणा. रेवेचं कारण निराळं आहे, ते धुण्याच्या वेळी येईल.

लीक कांदा-लसणाच्या कुळातलं, पण ते कांद्यासारखा गड्डा धरत नाही. आपण ज्याला दांडा म्हणतो ते खोड नव्हे. पानांचे तळ एकात एक घट्ट गुंडाळले जाऊन झालेली ती नळी आहे. खरं खोड म्हणजे मुळांच्या लगेच वर असलेली पातळ चकती. वाढताना बुंध्याला मातीची भर देत गेलं की तेवढ्या भागाला उजेड मिळत नाही, हरितद्रव्य तयार होत नाही, आणि तो पांढरा, कोवळा, गोडसर राहतो. पांढऱ्या-हिरव्यातला फरक असा उजेडाचा आहे आणि पोषणातला फरकही तिथूनच सुरू होतो.

आकडे पाहायचे तर १०० ग्रॅम कच्च्या लीकमध्ये, म्हणजे दांडा आणि त्याला लागून असलेला पातीचा खालचा भाग धरून, साधारण ८३ ग्रॅम पाणी आणि ६१ किलोकॅलरी असतात. कर्बोदकं १४ ग्रॅम, प्रथिनं दीड ग्रॅम, तंतुमय भाग पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्व १२ मिलिग्रॅम, लोह सुमारे २ मिलिग्रॅम, कॅल्शियम ५९ मिलिग्रॅम, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) ६४ मायक्रोग्रॅम, के जीवनसत्त्व ४७ मायक्रोग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी असणारी ल्युटिन आणि झियाझँथिन ही द्रव्यं मिळून जवळजवळ १.९ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची फोलेटची गरज ४०० मायक्रोग्रॅम धरली, तर १०० ग्रॅम लीकमधून तिचा सहावा भाग मिळतो. के जीवनसत्त्वाची गरज त्याहून मोठ्या प्रमाणात भागते. पालेभाज्यांशी तुलना केली तर हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत, पण लीक चिमूटभर घालायचा मसाला नाही. ते वाटीभर खाल्लं जातं, म्हणून त्याचा हिशेब भाजी म्हणूनच करायला हवा.

आता हे सगळं कुठल्या भागात असतं ते पाहा. के जीवनसत्त्व, ल्युटिन, बीटा-कॅरोटीन यांचा संबंध हरितद्रव्याशी, त्यामुळे ती पातीत जास्त. क जीवनसत्त्व आणि पॉलिफेनॉल यांचंही पारडं पातीकडेच झुकतं. दांड्यात साठतात ती फ्रुक्टान नावाची कर्बोदकं, इन्युलिनच्या जातीची. आपल्या लहान आतड्यात ती पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं ती अन्न होतात. लीकच्या वासाला कारण असलेल्या गंधकयुक्त पदार्थांचा साठाही दांड्यात भरपूर असतो. तेव्हा पात टाकून द्यायची का, या प्रश्नाला माझं उत्तर अगदी ठाम आहे: अजिबात नाही. वरची वाळकी टोकं, किडीने खरवडलेली पानं, तांबेरा किंवा करप्याचे डाग असलेला भाग काढा. उरलेली पात भाजीच आहे. ती चिवट असते हे खरं, पण तो चिरण्याचा आणि शिजवण्याचा प्रश्न आहे. आडवी, बारीक चिरली की तिचे लांब धागे तुटतात आणि ती चावायला त्रास देत नाही.

काढणीकडे वळू. कांदा तयार झाला की त्याची मान पडते, पात माना टाकते, वरची साल वाळते. लीक असली कुठलीच खूण देत नाही. त्याला पक्व होऊन थांबणं माहीत नाही, ते वाढतच राहतं. म्हणून काढणी जाडीवर ठरवायची. दांडा अंगठ्याएवढा, दोन-अडीच सेंटिमीटरचा झाला की काढायला हरकत नाही. चार सेंटिमीटरपर्यंत वाढू दिला तरी कोवळाच राहतो. त्याहून जाड झाल्यावर बाहेरचे पापुद्रे राठ होऊ लागतात. वाळवण्यासाठी मी मध्यम जाडीचे, अडीच ते तीन सेंटिमीटरचे दांडे निवडते, कारण त्यांच्या चकत्या एकसारख्या होतात आणि एकाच वेळी वाळतात. बी पेरल्यापासून इथपर्यंत यायला जातीनुसार चार ते सहा महिने लागू शकतात. सडपातळ, फिक्या हिरव्या पातीच्या जाती लवकर येतात. निळसर हिरव्या, जाड दांड्याच्या जातींना वेळ लागतो, पण त्या थंडीत टिकतात आणि गरजेप्रमाणे काढता येतात. सगळा वाफा एकदम उपटण्याची घाई म्हणूनच करू नका. आज लागेल तेवढं आज काढा, बाकीचं जमिनीतच सर्वांत ताजं राहतं.

जमिनीत ठेवण्यालाही मर्यादा आहे, आणि ती म्हणजे डेंगळे, म्हणजेच फुलाचे दांडे. लीक हे दोन हंगामांचं पीक. थंडीचा काळ काढल्यावर दिवस मोठे होऊ लागले की ते फुलोऱ्यावर जातं. बाहेरून डेंगळा दिसायच्या आधीच आत त्याची तयारी झालेली असते. संशय आला तर एक दांडा मधोमध आडवा कापून बघा. चांगल्या दांड्यात मध्यापर्यंत पापुद्र्यांची मऊ वर्तुळं दिसतात. डेंगळा धरलेल्या दांड्याच्या मध्यभागी एक टणक, गोल, भरीव गाभा दिसतो. तो शिजवून मऊ होत नाही आणि वाळवला तर काडीसारखा राहतो. असे दांडे उभे चिरून गाभा काढून टाकायचा आणि भोवतीचे पापुद्रे वापरायचे, ते बहुधा अजून चांगले असतात. एकदा एका दांड्यात गाभा दिसला की मग मात्र त्या वाफ्यातलं सगळं लीक लवकर काढून घ्या.

काढताना पातीला धरून ओढू नका. मुळं घट्ट असतात आणि दांडा मधेच मोडतो किंवा पापुद्रे सुटतात. आदल्या दिवशी हलकं पाणी देऊन जमीन वाफशावर आणा, दांड्यापासून जरा लांब कुदळ किंवा काटा घालून माती खालून सैल करा आणि मग बुंध्याला धरून उचला. वेळ सकाळची, पण दव उतरल्यानंतरची. ओली पात ढीग करून ठेवली की तापते आणि पिवळी पडते. जागेवरच माती झटका, मुळं सेंटिमीटरभर ठेवून छाटा, पण बुंध्याची चकती कापू नका. ती शाबूत असेपर्यंत पापुद्रे एकत्र राहतात आणि आत ओल व घाण शिरत नाही. काढणीआधीचे काही आठवडे नत्राचं खत देऊ नये. उशिरा दिलेल्या नत्राने दांडा फुगतो पण ठिसूळ आणि पाणचट होतो, साठवणीत टिकत नाही.

काढल्यानंतर लीक झोपी जात नाही, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. कांद्याप्रमाणे त्याला सावलीत सुकवून महिनोन् महिने टांगून ठेवता येत नाही. काढल्यावरही त्याची वाढ चालूच राहते. पात सपाट कापून ठेवली तर एक-दोन दिवसांत मधली पानं कापलेल्या कडेच्या वर आलेली दिसतात. आडवं ठेवलं तर दांडा वरच्या बाजूला वाकू लागतो. ही सगळी वाढ साठवलेल्या साखरेवर चालते, म्हणजे आपण खाणार त्यातूनच. शून्य अंश सेल्सियसच्या जवळ आणि ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत लीक दोन ते तीन महिने टिकतं. घरच्या फ्रिजमध्ये, न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत, शक्यतो उभं ठेवलं तर आठवडा-दोन आठवडे. त्याचा वास शेजारच्या फळांना लागतो, तेव्हा झाकूनच ठेवा. वाळवायचं असेल तर मात्र वाट बघू नका. सकाळी काढलेलं लीक त्याच दिवशी ट्रेमध्ये जावं असा माझा आग्रह असतो. शिळ्या, लोंबलेल्या पातीचं वाळवण कधीच हिरवं राहत नाही.

आता तुमची रेव. दांडा पांढरा करण्यासाठी आपण माती चढवतो, तेव्हा ती पानांच्या बेचक्यांत पडते. पान पुढे वाढतं आणि ती माती पापुद्र्यांच्या मध्ये अडकून वर सरकते. त्यामुळे लीक बाहेरून कितीही धुतलं तरी आतली माती निघत नाही. सर्वांत जास्त माती असते ती पांढरं संपून हिरवं सुरू होतं त्या चार-पाच सेंटिमीटरांत. तिथे सुरी चालवून पापुद्रा बाजूला केला की काळी रेघ दिसते. बुंध्याकडचे तीनेक सेंटिमीटर तसेच ठेवून दांडा वरपर्यंत उभा चिरा, पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून वाहत्या पाण्याखाली धरा, बुंधा वर आणि पात खाली. म्हणजे माती पातीकडे वाहून जाते, दांड्यात उतरत नाही. गोल चकत्या हव्या असतील तर आधी चिरा आणि मोठ्या, खोल पातेल्यात भरपूर पाण्यात हाताने ढवळा, वर्तुळं सुटी करा. मग दोन मिनिटं थांबा. रेव तळाला बसते, लीक वर तरंगतं. ते झाऱ्याने किंवा हाताने उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतलंत तर तळाची रेव पुन्हा वरच पडेल, आणि हीच चूक सर्रास होते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, सहसा दोन-तीनदा, हे करा. पुढच्या लावणीला एक उपाय करून पाहा: रोपं पंधरा-वीस सेंटिमीटर खोल भोकात सोडा, भोक मातीने न भरता फक्त पाणी घाला. माती मुळांपाशी आपोआप बसते, दांडा सावलीत वाढतो, आणि भर द्यावी लागली तरी थोडीच.

धुतल्यावर पूर्ण निथळू द्या. स्वच्छ कापडावर पसरून वरून दुसऱ्या कापडाने टिपा. पृष्ठभागावरचं पाणी उडवण्यातच ड्रायरचा पहिला तास जातो, तो वाचवणं आपल्या हातात असतं.

चिरतानाच दोन ढीग करा. पांढरा आणि फिकट हिरवा दांडा एका बाजूला, गडद पात दुसऱ्या बाजूला. दांड्याच्या चकत्या चार-पाच मिलिमीटरच्या, आणि प्रत्येक चकतीची वर्तुळं बोटाने दाबून सुटी केलेली. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर वर्तुळांच्या मध्ये ओल कोंडते आणि बुरशीची सुरुवात नेमकी तिथे होते. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी दांडा उभा चार भागांत कापून मग आडवा चिरावा, पापुद्रे आपोआप सुटे होतात. पात आडवी, तेवढ्याच रुंदीची चिरा.

वाळवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढावं का, हे बरेच जण विचारतात. दांड्यासाठी मी नाही म्हणेन. लीकचा वास आणि चव कच्च्या अवस्थेत तयार नसते. गंधकयुक्त पदार्थ पेशीत एका जागी असतात आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी. चिरल्यावर पेशी फुटून दोघांची गाठ पडते आणि तेव्हा तो उग्र, सुखद वास तयार होतो. उष्णतेने हे विकर मरतं. कमी तापमानावर वाळवलं तर त्याचा बराच भाग शाबूत राहतो आणि पुढे पाणी मिळाल्यावर पुन्हा कामाला लागतो. शिवाय उकळत्या पाण्यात पोषणही जातं. १०० ग्रॅम उकडून निथळलेल्या लीकमध्ये क जीवनसत्त्व १२ वरून ४ मिलिग्रॅमवर आणि फोलेट ६४ वरून २४ मायक्रोग्रॅमवर येतं. उकडताना लीक पाणी शोषून घेतं, त्यामुळे या घटीचा काही भाग केवळ पाणी वाढल्याचा आहे. तरीही बराचसा पाण्यात उतरून मोरीत जातो.

पातीची गोष्ट वेगळी. ती जाड आणि चिवट असेल तर तिला दोन मिनिटं वाफ द्यावी, पाण्यात बुडवू नये. वाफेने तिचे धागे सैल होतात, भिजवल्यावर ती लवकर मऊ पडते, आणि रंग व चव बिघडवणारी विकरं थांबतात. वाफेवरून काढल्याबरोबर पसरून गार करा. कोवळ्या पातीला याची गरज नाही.

तापमान ५० ते ५५ अंश सेल्सियस. याहून जास्त तापवायचा मोह होतो, तो आवरा. सुरुवातीलाच जास्त ऊब दिली तर चकतीची बाहेरची बाजू पटकन वाळून कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. हात लावून बघितलं तर वाळल्यासारखी वाटते, बरणीत गेल्यावर घाम सोडते. शेवटच्या टप्प्यात धोका उलट असतो. पाणी उडत असतं तोवर त्या बाष्पीभवनानेच तुकडा हवेपेक्षा गार राहतो. पाणी संपत आलं की तो हवेइतकाच तापतो, आणि लीकमध्ये साखर असल्यामुळे ६५-७० अंशांवर ती करपून तपकिरी आणि कडवट होते. तुमची दुसरी बरणी अशीच बिघडली असणार. घरातल्या पुष्कळ ओव्हनचं सर्वांत कमी तापमानच ७० अंशांच्या पुढे असतं आणि आत हवा खेळत नाही, म्हणून ओव्हन हा नाइलाजाचा मार्ग आहे. वापरायचाच तर दार किंचित उघडं ठेवा, आत थर्मामीटर ठेवा आणि शेवटचा तास समोरून हलू नका.

पंखा असलेल्या ड्रायरमध्ये एकच थर पसरला तर पात साधारण चार ते सहा तासांत आणि दांड्याच्या चकत्या सहा ते दहा तासांत वाळतात. हवेतली आर्द्रता, तुकड्यांची जाडी आणि ट्रेची दाटी यांवर हे बदलतं, तेव्हा घड्याळापेक्षा मालावर भरवसा ठेवा. दोन्ही ढीग वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले म्हणजे पात आधी काढून घेता येते. वाळत आलेली पात इतकी हलकी होते की पंख्याने उडते, तिच्यावर एक जाळी टाकून ठेवा. मधूनमधून ट्रे वर-खाली करा. दुसरं काही, विशेषतः फळं, त्याच वेळी त्याच ड्रायरमध्ये लावू नका.

उन्हात वाळवण्याबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. फळांत आम्ल आणि साखर असते, ती त्यांना वाळता वाळता सांभाळते. लीकमध्ये आम्ल जवळजवळ नाहीच, त्यामुळे वाळायला दोन-तीन दिवस लागले तर तेवढ्यात ते आंबू शकतं. थेट ऊन हरितद्रव्य आणि कॅरोटीनही उडवतं, पात गवताच्या रंगाची होते. हवा कोरडी, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, तापमान ३० अंशांच्या वर आणि वारा असेल, तर सावलीत जाळीवर, वरून पातळ कापड झाकून, पात चांगली वाळते. रात्री आत घ्यायला विसरू नका, नाहीतर दिवसभर उडालेलं पाणी ती परत ओढून घेते. झाकलेलं सौर वाळवणयंत्र याहून पुष्कळ बरं. उघड्यावर वाळवलेल्या मालात किडीची अंडी असू शकतात. तो हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांवर ४८ तास ठेवावा आणि मग बरणीत भरावा.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? ट्रेमधला सर्वांत जाड तुकडा उचला, ड्रायरबाहेर पाच मिनिटं गार होऊ द्या आणि मग मोडा. गरम असताना सगळेच तुकडे मऊ लागतात, म्हणून गार करणं महत्त्वाचं. कडकन मोडला आणि मोडलेल्या जागी चमक किंवा चिकटपणा नसला तर वाळला. वाकला, चामड्यासारखा ताणला गेला तर अजून वेळ आहे. पात चिमटीत चुरली की तिची भुकटी व्हायला हवी. याहून खात्रीचा उपाय वजनाचा. १ किलो निवडलेल्या लीकमध्ये सुमारे ८३० ग्रॅम पाणी आणि १७० ग्रॅम घनभाग असतो. पाणी ६ टक्क्यांवर आणायचं तर उरलेलं वजन १८० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ट्रेमध्ये घालण्याआधी वजन लिहून ठेवा, आणि शेवटी २३०-२४० ग्रॅम भरलं तर मन कितीही म्हणत असलं तरी बरणी भरू नका.

या वजनावरून आणखी एक हिशेब लागतो. वाळवलेलं लीक ताज्यापेक्षा पाचपट पौष्टिक, असं सांगितलं जातं. पाणी उडाल्यामुळे त्याच वजनात सगळंच दाट होतं, एवढाच त्याचा अर्थ. १८ ग्रॅम वाळवण म्हणजे १०० ग्रॅम ताजं लीक, असं धरा. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम ही खनिजं आणि तंतुमय भाग जसेच्या तसे राहतात. के जीवनसत्त्व उष्णता बरीच सोसतं, त्याला वैरी उजेड. क जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो, फोलेटही घटतं. म्हणून ताजं मिळतं तोवर ताजं खावं, आणि वाळवण हे ताजं नसलेल्या दिवसांची सोय म्हणून ठेवावं.

बरणीत भरण्याआधी माल पूर्ण गार करा, पण रात्रभर उघडा ठेवू नका, लगेच सादळतो. काचेची कोरडी बरणी दोन तृतीयांश भरा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. एखादा तुकडा ओलसर राहिला असेल तर त्याची ओल बाकीच्यांत वाटली जाते. काचेवर आतून बाष्प दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटू लागले तर सगळी बरणी पुन्हा ५० अंशांवर तास-दीड तास वाळवा. आठवड्यानंतर लहान बरण्यांत भरून अंधाऱ्या, गार जागी ठेवा. एक मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा चार लहान बऱ्या, कारण प्रत्येक उघडण्यात ओल शिरते. १५ अंशांच्या आसपास सहा महिने आणि २७ अंशांवर तीन महिने ही चांगल्या चवीची मुदत समजा. त्यानंतर ते बिघडतंच असं नाही, पण रंग आणि वास उतरतो. पातीची बरणी नेहमी अंधारात.

भुकटी करायची असेल तर पात त्यासाठी उत्तम. मात्र भुकटी तुकड्यांपेक्षा फार लवकर सादळते, कारण तिचा पृष्ठभाग मोठा आणि त्यातली साखर ओल ओढणारी. एका वेळी महिन्याभरापुरतीच दळा.

वापरताना रस्सा किंवा सूप असेल तर तुकडे थेट घाला, उकळत्यात टाकलेल्या लीकची चव गोडसर आणि सौम्य येते. वास जास्त हवा असेल तर आधी थंड किंवा कोमट पाण्यात, तुकड्यांच्या दुप्पट पाणी घेऊन, अर्धा तास भिजवा. मघाशी सांगितलेलं विकर या वेळी काम करतं. भिजवलेलं पाणी टाकू नका, त्यातच विरघळलेली जीवनसत्त्वं असतात. खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त भिजत ठेवू नका, जास्त वेळ लागणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

काही जणांनी जपून खावं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी औषधं चालू असतील तर के जीवनसत्त्वाचं प्रमाण एकदम वाढवू-घटवू नये, डॉक्टरांना विचारून रोजचं प्रमाण ठरवावं. ज्यांना फ्रुक्टानमुळे पोट फुगण्याचा, कळा येण्याचा त्रास होतो त्यांना पांढरा दांडा सोसत नाही, पण हिरवी पात पुष्कळदा चालते. कुत्र्या-मांजरांना मात्र कुठलाच भाग देऊ नये. कांद्याच्या कुळातल्या सगळ्याच भाज्यांनी त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि भुकटीत तर हे सगळं दाटलेलं असतं.

राहिल्या तुमच्या तीन बरण्या. बुरशीची पूर्ण टाकून द्या. दिसणारा भाग काढून बाकीचं वापरायचा विचारही करू नका, बुरशीचे धागे आणि विष नजरेला दिसत नाहीत. तपकिरी झालेलं खायला धोक्याचं नाही, पण तो कडवटपणा कशानेही जात नाही, ते खताच्या खड्ड्यात जाऊ दे. तिसरीतले गोळे हाताने फोडा, आंबूस किंवा कुबट वास येतो का बघा. आला तर तीही टाका. स्वच्छ असेल तर ५० अंशांवर पुन्हा कडक वाळवा. रेवेसाठी वापरायच्या वेळी खोल भांड्यात भिजवा, मऊ झालेलं लीक वरचेवर उचलून घ्या, पाणी पातळ कापडातून गाळा आणि तळाचा शेवटचा घोट तेवढा टाकून द्या. तिची भुकटी मात्र करू नका, एकदा दळली की रेव वेगळी करता येत नाही.